हत्ती, मुंगी आणि पिवळं कुत्रं

मंगळवार, ३ तारीख

चपलेचा अंगठा शिवून आणायला निघाले होते. वाटेत एका काचेवर कागद चिकटवलेला दिसला: ‘कापणारा माणूस पाहिजे.’ खाटकाचं दुकान म्हणावं तर बाहेर नवरा-नवरीचे फोटो. शिंप्याचं म्हणावं तर मशीन नाही. आत गेले. नाही तर रात्रभर डोक्यात तेच राहिलं असतं.

आत कॉम्प्युटरचे तीन पडदे लावून एक माणूस बसला होता. लग्नं, वाढदिवस, शाळांची गॅदरिंगं शूट करणारा स्टुडिओ. सगळे त्यांना अण्णा म्हणतात.

“कापता येतं?”

“काय कापायचं?”

“लग्न. सहा तासांचं असतं, बघणाऱ्याचा दम वीस मिनिटांचा. मधलं सगळं कापायचं. आधीचा मुलगा गेला. जाताना नवरीचा बापच कापून गेला, अख्खा.”

म्हटलं, येतं. आता हे अगदीच खोटं नाही. मी एका ग्रुपवर आहे, तिथे लोक जुने सिनेमे हौसेने पुन्हा एडिट करतात. शेवट बदलतात, गाणी काढतात, खलनायकाला हिरो करतात. विकायचं नाही, फक्त एकमेकांना दाखवायचं. वर्षभर मी सगळं वाचलंय. केलेलं काही नाही.

अण्णा म्हणाले, “मग असं कर. कुठलाही तीन तासांचा सिनेमा घे, आणि पंधरा मिनिटांत तुझी गोष्ट सांग. त्याची नको, तुझी. चोवीस तारखेला आण. जमलं तर एक तारखेपासून ये.”

संध्याकाळी आईचा फोन. मावशीकडे किती दिवस लोळणार आहेस, महिनाअखेरपर्यंत काही जमलं तर जमलं, नाही तर गुपचूप घरी यायचं आणि बाबांच्या मित्राच्या टायरच्या दुकानात बिलं फाडायला बसायचं. मी म्हटलं, जमलंय. आई म्हणाली, “काय जमलंय?” म्हटलं, “कापायचं.” तिने मावशीला फोन द्यायला सांगितलं.

चप्पल तशीच राहिली.

गुरुवार, ५ तारीख

सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, असं ग्रुपवर विचारलं आणि घात झाला. जितकी माणसं तितकी उत्तरं. दोघांची तर माझ्याच प्रश्नाखाली जुंपली, आणि एकाने दुसऱ्याला ‘तू अजून कात्रीने काप’ असं सुनावलं.

एक चकाचक दिसलं ते आधी घेतलं. काही दिवस फुकट. वापरायलाही गोड. पण व्हिडिओ बाहेर काढला की मधोमध, भलंमोठं, स्वतःचं नाव छापतं. मी त्याचं नाव शिक्का ठेवलं. शिक्का काढायचा तर पैसे, आणि पैसे असते तर मी मावशीकडे कशाला आले असते?

सिनेमा काकांच्या कपाटातला. काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्याकडे तबकड्यांचा ढीग आहे, त्यातली वरची उचलली. दोन भाऊ, वडील जातात, घराची वाटणी होते, अंगणात मधोमध भिंत उभी राहते, मग कोर्ट, आग, गैरसमज आणि रडारड. शेवटी दोघे मिठी मारतात आणि भाषण करतात. मिठी मारूनही भाषण!

पहिला तुकडा काढून बघितला तर शिक्का बरोबर हिरोच्या तोंडावर. दुसरा काढला तर धाकट्या भावाच्या. माणूस कुठे दिसेचना. मग डोळे आपोआप कडेकडेला जायला लागले, आणि कोपऱ्यात एक पिवळं कुत्रं दिसलं.

ते प्रत्येक भांडणात आहे! आधी पायरीवर, मग गोणीवर, मग दोन भावांच्या मध्ये, आणि दोघांकडे आळीपाळीने बघतंय. भिंत झाल्यावर एकदाच दिसतं, भिंतीपाशी. नंतर गायब. तीन तासांच्या सिनेमात कुणी एकदाही विचारत नाही, कुत्रं कुणाच्या वाट्याला आलं?

शुक्रवार, ६ तारीख

जेवताना जाहीर केलं की मी कुत्र्याची गोष्ट करणार.

मावशी म्हणाली, “कुत्र्याची? बरं.” आणि थोड्या वेळाने, “ते त्या थोरल्याच्या खोकल्यावर उठून बसतं बघ.” मला आठवेना. मावशी डावखुरी आहे, तिच्या उजव्या हाताला बसलं तर ठीक, डाव्या बाजूला बसलं की घासागणिक कोपर लागतं. आज लागत होतं.

काकांनी कुत्र्यावरून गोष्ट काढली. काका आयुष्यभर पाण्याचे मीटर वाचायचे, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक गोष्टीत एक बंद फाटक असतं. “एकदा काय झालं, फाटक बंद, आत कुत्रं, आणि मी म्हटलं, मालक, अहो मालक...” इथून पुढे ते मालकाच्या सासऱ्यापर्यंत जातात. मावशी पोळी वाढता वाढता म्हणाली, “आणि मीटर बंदच होता. हात धुवा.” गोष्ट संपली. गंमत म्हणजे काकाही हसले. इतक्या वर्षांत तिला नेमकं कळलंय, कुठे तोडलं म्हणजे काकांना राग येत नाही आणि आम्हाला झोप येत नाही.

सोमवार, ९ तारीख

दुसरं सॉफ्टवेअर छोटंसं, फुकट, शिक्का नाही. माझ्या खटारा लॅपटॉपवरही तुरुतुरु चालतं. त्याचं नाव मुंगी. दोन दिवस आनंदात गेले. मग कळलं की मुंगीमध्ये चित्रापासून आवाज सुटा होत नाही. कुत्रं ठेवलं की मागे दोन भाऊ बोंबलणारच. भावांना गप्प केलं तर कुत्र्याचं भुंकणंही जातं.

ग्रुपवरच्या शहाण्यांनी तिसरं सांगितलं. फुकट, खऱ्या सिनेमावाल्यांचं, पण अगडबंब. लॅपटॉपवर टाकलं तर पंखा असा ओरडायला लागला की काका विचारायला आले, मिक्सर कुणी लावलाय. म्हणून हा हत्ती.

हत्ती फक्त हॉलमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर चालतो. तो माझ्या मावसभावाचा, गेम खेळायला घेतलेला. भाऊ नोकरीला बाहेरगावी गेला, मागे हे धूड राहिलं, मावशी त्याच्यावर रुमाल घालून ठेवते. नाव नोंदवायला ईमेल पाहिजे, माझ्या ईमेलचा पासवर्ड मी विसरले, म्हणून मावशीचा दिला. लगेच तिच्या फोनवर टिंग. ‘स्वागत आहे, चला, पहिला धडा शिकू या!’

मावशी म्हणाली, “हे काय गं?”

“काही नाही, रोज येईल. दुर्लक्ष कर.”

बुधवार, ११ तारीख

हत्तीला इतकी बटणं आहेत की कुठलं दाबलं की काय होतं ते हत्तीलाही माहीत नसावं. कुत्र्याचे सगळे तुकडे एका ओळीत लावले. बघितलं. कुत्रं पायरीवर, कुत्रं गोणीवर, कुत्रं दारात. गोष्ट नाही, कुत्र्याचा फोटो अल्बम झाला.

वाटणीच्या भांडणाचा प्रसंग तर फारच वाकडा लागला. धाकटा ओरडतो, कट, कुत्रं कान खाजवतंय. वैतागून तसंच टाकलं आणि फिरायला गेले. कुलूपवाल्याशी ओळख झाली, त्याने मला हरवलेल्या किल्ल्यांची बरणी दाखवली. संध्याकाळ तिथेच गेली.

परत आले तर मावशीने विचारलं, “ती खालची लांब पट्टी असते, तिला काय म्हणतात?”

“टाइमलाइन.”

“हं. पट्टीच सोपं आहे.”

शनिवार, १४ तारीख

चमत्कार! भांडणाचा प्रसंग सरळ झाला!

बुधवारी वाकडा टाकला होता, आज उघडला तर धाकटा ओरडायच्या आधीच कुत्रं पायरीवरून उठतं. उठतं, कट, मग ओरडणं. मी असं लावलं नव्हतं. की लावलं होतं? माझं काही सांगता येत नाही. पण नाही, नव्हतं.

ग्रुपवर म्हणतात, आजकाल सगळ्यात ते एआय घुसलंय. तेच असणार. हत्ती काम चालू ठेवलं की आतल्या आत विचार करतो. म्हणजे घाई करायची नाही, मुरायला ठेवायचं. मी आजपासून तसंच करणार. सकाळी ओबडधोबड लावायचं आणि दुपारभर बाहेर जायचं. माझ्या स्वभावाला इतकं मानवणारं सॉफ्टवेअर जगात असेल असं वाटलं नव्हतं.

एकच तक्रार. माउस रोज डावीकडे सरकलेला असतो. काकांना विचारलं. ते आधी मावशीकडे बघत राहिले, मग म्हणाले, “हो हो, मीच. पत्ते खेळतो मी. डाव्या हाताने. उजवा दुखतो.” बिचारे. त्यांना मलम आणून दिलं.

मंगळवार, १७ तारीख

ग्रुपवर सविस्तर लिहिलं. शिक्क्यात हे वाईट, मुंगीत हे कमी, आणि हत्ती सगळ्यांत भारी, कारण दुपारी सोडून गेलं की तो कट स्वतः सुधारतो. खाली प्रश्नांचा पाऊस. कुठलं सेटिंग? कुठलं व्हर्जन? एकाने दोन दिवस मशीन चालू ठेवलं, त्याच्याकडे काहीच झालं नाही, फक्त विजेचं बिल येईल म्हणाला. मी लिहिलं, धीर धरा.

आज वाटणीनंतरचा भाग मुरला. थोरल्याचं भलंमोठं भाषण मी पूर्ण ठेवलं होतं. हत्तीने ते ‘मी या घरासाठी’ एवढ्यावरच तोडलं, आणि पुढे कुत्र्याची जांभई. मी एकटीच खुर्चीत हसले. स्वयंपाकघरातूनही कुणीतरी हसल्यासारखं वाटलं, पण मावशीने नळ सोडला.

मावशीची सहाची मालिका हल्ली बंद आहे. कंटाळा आला म्हणते. काका कुरकुरतात की चहा गार मिळतो.

शुक्रवार, २० तारीख

आता खरी पंचाईत. शेवट नाही. कुत्रं भिंतीपाशी येतं, भिंत हुंगतं आणि त्यानंतर सिनेमात नाहीच. दीड तास उरलाय आणि कुत्रं नाही! दोन दिवस शोधलं. हत्तीलाही दोन दुपारी दिल्या, पण तो तरी कुठून आणणार?

दुपारी मैत्रिणीचा फोन आला. डोंगरातल्या एका मुक्कामाच्या जागी माणसं हवी आहेत, खाणं-राहणं फुकट, उद्याच निघ. मला एकदम हलकं वाटलं. एवढं हलकं वाटलं म्हणजे जायलाच पाहिजे. अण्णांना काय, दुसरा कुणी कापणारा मिळेल.

मावशीला सांगितलं. ती घड्या घालत होती. घालत राहिली.

“चोवीसला दाखवायचं होतं ना?”

“शेवटच नाही तर काय दाखवू?”

“हं.” मग एक टॉवेल उलगडून तिने पुन्हा तोच घातला. “जायचं तर जा बाई. तुला कुणी बांधून ठेवलंय? पण ते कुत्रं भिंतीच्या अलीकडेच राहिलं.”

“अगं, सिनेमातलं कुत्रं आहे ते!”

“माहीत आहे मला सिनेमातलं आहे ते,” मावशी चिडली. मावशी चिडलेली मी फारशी बघितली नाही. काका पेपरमागून म्हणाले, “राहू दे गं, तिला जाऊ दे. तू एकटी...” आणि मावशीने त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी पेपर वर घेतला. एकटी काय ते राहूनच गेलं.

बॅग भरली.

शनिवार, २१ तारीख

बस चुकली.

चुकली म्हणजे मी चुकवली, पण ठरवून नाही. बॅग घेऊन स्टँडकडे निघाले. बंद कारखान्याच्या कुंपणाच्या भिंतीपाशी एक पिवळं कुत्रं. शेपूट तशीच, टोकाला वळलेली! भिंतीला खाली एक भगदाड, विटा पडलेल्या. ते आधी आत डोकं घालून बघत होतं. मी फोन काढला, बॅग टाकली आणि रस्त्यावर आडवी झाले. सायकलवाला शिव्या घालून गेला. कुत्र्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं, मग कुणी हाक मारल्यासारखे कान उभे केले आणि भगदाडातून सरपटत पलीकडे गेलं. फक्त शेपूट राहिली, मग तीही गेली.

पलीकडे जायला मला अख्खा कारखाना वळसा घालावा लागला. पलीकडे कुत्रं आरामात बसलं होतं. तिथून ते परत अलीकडे आलं. मग परत तिकडे. मी दुपारपर्यंत त्याच्या मागे होते. उठून बघते तर कोपर फुटलं होतं आणि बस केव्हाच गेली होती.

घरी आले. दार मावशीने उघडलं. बॅगेकडे बघितलं, कोपराकडे बघितलं.

“मिळालं कुत्रं,” मी म्हटलं.

“दाखव,” ती म्हणाली, आणि हात पुसायच्या आधीच फोन घेतला. तीनदा बघितलं. मग म्हणाली, “आधी हळद लावू या कोपराला,” आणि चौथ्यांदा बघितलं.

सोमवार, २३ तारीख

काल भगदाडातून जाणारं कुत्रं शेवटी चिकटवलं. रंग थोडा वेगळा, पण शेपटीने वेळ निभावली. तरी काहीतरी सुटंसुटं वाटत होतं. मुरायला ठेवून चप्पल शिवून घेतली.

आज उघडलं आणि बघतच राहिले.

कुत्रं भिंत हुंगतं, ते सिनेमातलं. मग माझं कुत्रं, भगदाडापाशी. सगळं शांत. आणि पलीकडून थोरल्याचा खोकला ऐकू येतो, पहिल्या प्रसंगातला, तिथून उचललेला. कान उभे राहतात. कुत्रं सरपटत जातं. मग थोरल्याचं दार. लगेच अलीकडून धाकट्याच्या ताटाचा आवाज, आणि कुत्रं परत येताना. मग धाकट्याचं दार. मग भगदाड, रिकामं. संपलं.

म्हणजे घराची वाटणी झाली, कुत्र्याची झालीच नाही!

मी रडले. सॉफ्टवेअरसाठी रडणारी मी पहिलीच असेन. हत्तीला मनातल्या मनात नमस्कार केला. मावशीला बोलावून दाखवलं. ती मागे उभी राहून बघत होती, हाताची घडी घालून. संपल्यावर म्हणाली, “ताटाचा आवाज अजून थोडा हळू हवा होता.”

म्हटलं, तुला काय कळतंय त्यातलं.

“तेही खरंच,” मावशी म्हणाली.

मंगळवार, २४ तारीख

घरी आल्या आल्या लिहायला बसले.

मावशी बरोबर आली. तिच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती आणि चष्मेवाला नेमका स्टुडिओच्या शेजारी. दांडी लगेच घट्ट झाली, तर म्हणाली, आत पंखा आहे, बसते जरा.

अण्णांनी पेन ड्राइव्ह लावला. हनुवटीवर हात ठेवून बघत होते. जांभईवर हसले. भगदाडापाशी पुढे सरकले. संपल्यावर शेवट पुन्हा लावला, आणि पुन्हा.

“हा कुत्र्याचा शॉट सिनेमातला नाही.”

“मी काढला,” म्हटलं. “कारखान्यापाशी.”

“झोपून?”

“हो.”

“कळतंय. चांगला आहे. आणि हा खोकला. माणूस दिसायच्या आधी खोकला का टाकलास?”

मी म्हटलं, “ते सॉफ्टवेअर करतं आपोआप.”

अण्णांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. “सॉफ्टवेअर आपोआप फक्त बंद पडतं. का टाकलास?”

मला टायरचं दुकान दिसायला लागलं, बिलांच्या गठ्ठ्यासकट.

“कुत्र्याला माणूस आधी ऐकू येतो ना,” मागून आवाज आला. “मग दिसतो. आपण कुत्र्याच्या बाजूने बघतोय तर आपल्यालाही आधी ऐकूच आलं पाहिजे.”

मावशी. पंख्याखाली. पर्स मांडीवर धरून.

मी मावशीकडे बघितलं. डावा हात, माउस, गार चहा, बंद मालिका, सगळं एकदम माझ्या अंगावर कोसळलं. मी बावळट! हत्तीला नमस्कार केला मी!

“मावशी, तू?”

“रोज टिंग टिंग यायचं ना,” ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. “धड्यातला तो टोपीवाला मुलगा इतकं छान शिकवतो. म्हटलं, बघावं. मग तुझं उघडून बघितलं, आणि एकाच ठिकाणी जरासं सरकवलं. मग राहवेना. तू ओरडशील असं वाटलं होतं, तर तू खूशच. मग मी कशाला बोलू?”

“आणि काका?”

“तू आणून दिलेलं मलम ते अजून लावतायत.”

अण्णा आळीपाळीने आमच्याकडे बघत होते. मग उठून त्यांनी तिसरी खुर्ची पडद्यासमोर ओढली, तिच्यावरची धूळ झटकली आणि मावशीला म्हणाले, “ताई, बसता का जरा? परवाचं एक लग्न आहे, चार तास झाले, मला सुरुवातच सापडत नाहीये.” आणि मला म्हणाले, “तू सहा तारखेला, रविवारी, रिकामी आहेस? कॅमेरा धरशील?”

बुधवार, २५ तारीख

ग्रुपवर खुलासा करावा लागला. ‘हत्ती आपोआप काही सुधारत नाही. ती माझी मावशी होती.’

पहिलंच उत्तर आलं: ‘मावशी कुठून डाउनलोड करायची?’

दुसरं: ‘लॅपटॉपवर चालते का?’

मावशीला वाचून दाखवलं. ती इतकी हसली की काकांना पाणी आणावं लागलं. मग काकांनी गोष्ट सुरू केली, एकदा काय झालं, फाटक बंद होतं, आणि आज मावशीने ती तोडली नाही. गोष्ट संपायला वेळ लागला. फाटकाच्या आत खरंच काहीतरी होतं, एक बाई मोर पाळत होती. मावशी म्हणाली, इतक्या वर्षांत मला कधी सांगितलं नाहीत! काका म्हणाले, “सांगू देतेस कुठे?”

आईला फोन केला. आई म्हणाली, “म्हणजे नोकरी तुला लागली की तिला?” म्हटलं, दोघींना. मग आई म्हणाली, “तिला विचार, पगार किती ठरवला. ती विचारणार नाही.”

बुधवार, ९ तारीख

नवा महिना. पहिलं लग्न रविवारी शूट केलं, आज मावशीने कापलं. अण्णांच्या स्टुडिओत हत्तीच आहे, त्यामुळे तिला घरच्यासारखं वाटतं. माउस डावीकडे करून बसते.

भांडण झालं. मी एका शॉटसाठी तासभर माळ्यावर वाकून उभी होते. वरून सगळा हॉल, फुलं, दिवे, माणसं मुंग्यांसारखी. तिने तो काढून टाकला.

“मावशी! तो सगळ्यात सुंदर होता!”

“सुंदर आहे,” मावशी म्हणाली. “पण त्यात कुणाचंच लग्न नाहीये.”

मी पाय आपटत बाहेर गेले. आधीच्या नोकऱ्यांमध्ये मी साधारण इथूनच परत आले नाही. चौकापर्यंत गेले, शेंगदाणे घेतले, खाल्ले. डोक्यात तिचं वाक्य. काढलेल्या शॉटपेक्षा तिने ठेवलेले शॉट आठवले. नवरीच्या भावाचा एक होता, दाराबाहेरचा. मी तो सहज घेतला होता, कॅमेऱ्याची बॅटरी बदलता बदलता. तो आत शिरायच्या आधी क्षणभर थांबून तोंडावरून हात फिरवतो. तेवढंच. मावशीने तो सुरुवातीलाच लावलाय.

परत गेले. शेंगदाण्यांची पुडी तिच्या उजव्या हाताला ठेवली, कारण डावा कामात होता. ती पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “आलीस?”

“आले.”

पुढच्या रविवारी अजून एक लग्न आहे. माळ्यावर चढणार नाही. हॉलच्या दाराशी उभी राहणार, बाहेरच्या बाजूला, चपलांच्या ढिगापाशी, जिथे माणसं आत जाण्याआधी चेहरा नीट करतात. पुढच्या रविवारी मी कुठे उभी असेन हे मला आज बुधवारीच माहीत आहे.